शाल-श्रीफळाचं मार्गदर्शन पुरे झालं

आपल्याकडं मार्गदर्शन म्हणजे माईक. पाहुणे येणार, शाल-श्रीफळ होणार, स्वतःच्या संघर्षाची गोष्ट सांगणार, ‘स्वप्नं मोठी बघा’ म्हणणार आणि जेवून गाडीत बसणार. समोर सतरंजीवर बसलेल्या पोरांपैकी एकाचंही नाव त्यांना ठाऊक नसतं. रात्री तीच पोरं खोलीवर पडून तसलंच भाषण रीलमध्ये बघतात. भरतीची जाहिरात निघालेली नाही, सोयाबीनला भाव नाही, घरून फोन आला तर काय सांगायचं हे सुचत नाही. आत सगळं ठप्प. या ठप्प पोराला आणखी एक भाषण पाजायचं, हा निव्वळ निर्दयपणा आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. जो पुन्हा येत नाही, तो मार्गदर्शक नाही. फार तर वक्ता.

आयुष्य थांबणं म्हणजे काय, ते सास्तूरला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना भूकंप झाला आणि किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात हजारो माणसं गेली. ज्या जाड दगडमातीच्या भिंतींच्या भरवशावर पिढ्या राहिल्या, त्याच अंगावर आल्या. सास्तूरसारखी गावं नव्या जागी वसली. पण लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत पडझड झालेली घरं जागेवरच दुरुस्त करायची होती. सरकारकडं पैसा होता, इंजिनिअर होते. भिंत कशी मजबूत करायची, हप्ता कसा मिळतो, हे घराघरात समजावणारं माणूस मात्र नव्हतं. तेव्हा गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था त्यांच्या पाठीशी होती.

यातल्या कितीतरी बायका त्याआधी ग्रामपंचायतीची पायरीही चढल्या नव्हत्या. त्यांना आधी काम मिळालं. अडलं की विचारायला माणूस मिळालं. आणि दुसऱ्या गावातली तशीच एक बाई भेटली, जी महिनाभर आधी तिथंच अडली होती. धीर त्यानंतर आला. आपण नेमकं उलटं करतो, आधी धीराचा डोस आणि काम कधीच नाही. २००१ मध्ये भूज हादरलं, तेव्हा याच भागातल्या बायका कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. भाषा वेगळी, पण पडलेलं घर दोघींनी बघितलेलं.

अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनमधून ‘भारतवैद्य’ घडवल्या, त्याही अशाच. वैद्यकीय पदवी नसलेल्या गावातल्या बायका. शिकवायचं, हातात काम द्यायचं, पुन्हा शिकवायचं. यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही, म्हणून त्याचे रील होत नाहीत.

आता कुणी म्हणेल, पोरांना मेंटॉर नकोत, नोकऱ्या द्या. बरोबर आहे. रिकाम्या जागा न भरणाऱ्या सरकारला ‘मार्गदर्शन मेळावे’ घेऊन सुटता येऊ नये. पण नोकरी येईपर्यंतची चार-पाच वर्षं पोरगं एकटं काढतं, त्याचं काय? पाचव्यांदा परीक्षा द्यावी की थांबावं, हे ज्याला भीती न वाटता विचारता येईल असं एक माणूस लागतं. क्लासवाला ‘थांब’ म्हणणार नाही, त्याची फी बुडते. बाप म्हणणार नाही, त्यानं गावभर सांगितलेलं असतं. थांबून दुसऱ्या कामाला लागलेला आधीच्या बॅचचा दादा, ताई मात्र म्हणू शकतात. त्यांना आपण कधी व्यासपीठावर बोलावत नाही, कारण ते ‘यशस्वी’ नाहीत.

एक मात्र वेगळं ठेवा. झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर दादा-ताईवर भागवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

आणि प्राचार्यांनो, पुढच्या शिबिराचा हार, शाल, फ्लेक्स आणि जेवणावळ रद्द करा. त्या पैशात गेल्या पाच वर्षांतल्या दहा माजी विद्यार्थ्यांना एसटीचं भाडं द्या. एकेकाकडं चार पोरं सोपवा. महिन्यातून एकदा, वर्षभर. माईक नको, चहा चालेल.