स्वल्पविरामाचे पहारेकरी

गेल्या वर्षी एका तरुण संशोधिकेचा निबंध एका शोधपत्रिकेकडून तिसऱ्या दिवशी परत आला. मी पोटापाण्यासाठी हेच काम करते. शास्त्रज्ञांच्या निबंधांची भाषा आणि संदर्भसूची नीट करून देते. त्यामुळे परत आलेले निबंध मला नवे नाहीत. पण हा कुणी वाचलेलाच नव्हता. नियतकालिकांची नावं पूर्ण लिहिली होती, ती संक्षिप्त हवी होती. आणि खंडाचा आकडा ठळक अक्षरांत नव्हता, एवढंच कारण. बासष्ट संदर्भ, दोन रात्री. मग तो समीक्षकांपर्यंत पोचला, नाकारला गेला, आणि दुसऱ्या पत्रिकेकडे पाठवताना सगळी नावं परत पूर्ण करावी लागली.

हे गाऱ्हाणं साहित्याच्या वाचकांसमोर का मांडायचं? कारण संदर्भ देणं ही मुळात लेखनातली सभ्यता आहे. हे मी अमक्याकडून घेतलं, खात्री करायची असेल तर तिथे जा, असं वाचकाला सांगणं. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा ओवली, म्हणून तोंडी फिरतानाही बोल कुणाचा हे बरोबर फिरत राहिलं. विज्ञानाने त्यासाठी सूची केली. तिचं काम दोनच गोष्टींचं: ऋण मान्य करणं आणि वाट दाखवणं. आज ती वेगळ्याच कामाला जुंपली आहे.

झोटेरोसारखी सॉफ्टवेअर्स संदर्भशैलींचा जो सामाईक साठा वापरतात, त्यात १०,०००हून अधिक शैली आहेत. बऱ्याच एकमेकींच्या नकला आहेत हे खरं, पण उरलेल्यांतही चंगळ आहे. लेखक सहापेक्षा जास्त असतील, तर वैद्यकीय पत्रिकांची व्हँकुव्हर पद्धत पहिली सहा नावं देऊन ‘एट अल’ म्हणते. ‘नेचर’ला पाचांहून जास्त झाले की एकच नाव पुरतं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची एपीए पद्धत २०१९च्या आवृत्तीपासून वीस नावं छापू देते. एकविसावं आलं की पहिली एकोणीस, मग तीन टिंबं, मग शेवटचं. यातला कुठला आकडा कुठल्या ज्ञानातून निघाला, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ज्याचं नाव त्या टिंबांत जातं, त्याने प्रयोगशाळेत रात्री काढलेल्या असतात एवढं मला ठाऊक आहे.

गंमत म्हणजे व्हँकुव्हर पद्धत जन्मली ती हाच जाच संपवायला. १९७८ साली काही वैद्यकीय पत्रिकांचे संपादक त्या शहरात भेटले, आणि प्रत्येक पत्रिकेसाठी लेखकाने निबंध नव्याने टंकायचा ही कटकट थांबावी म्हणून त्यांनी सामाईक नियम ठरवले. औषध काढलं आणि तेच रोगांच्या यादीत जाऊन बसलं.

शिस्त नको, असं मी म्हणत नाही. लेखक, शीर्षक, पत्रिका, वर्ष, खंड, पृष्ठं हवीतच. माझं भांडण पहाऱ्याशी आहे. पहारेकरी स्वल्पविराम मोजतो आणि माल तपासत नाही. एका बड्या प्रकाशनसंस्थेच्या लेखक-मार्गदर्शिकेत नमुना म्हणून एक संदर्भ दिलेला होता: वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेबद्दलचा, २००० सालचा. असा लेख कधी लिहिलाच गेला नव्हता, तशी पत्रिकाही नव्हती. लायडनचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोननबर्ग यांना शंका आली आणि ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली ही कथा जगापुढे मांडली, तोवर जवळपास ४०० निबंधांनी त्याचा हवाला दिलेला होता. बरेचसे परिषदांच्या कार्यवृत्तांतले. नमुन्यातला मजकूर खोडायचा राहून गेलेला. पण तो संपादकांच्या नजरेखालून गेलाच ना? जाणारच. त्याचे स्वल्पविराम बिनचूक होते.

आता तर यंत्र मागाल तितके असे संदर्भ पाडून देतं. खोटा संदर्भ हल्ली खऱ्यापेक्षा नीटनेटका दिसतो.

आपल्याकडे हे एकाने फार आधी, आणि मजेत, करून दाखवलं होतं. १९३१च्या सुमारास अलीगढला असताना दामोदर धर्मानंद कोसंबींनी आंद्रे वेइल यांच्या चिथावणीवरून एका सहकाऱ्याची जिरवायला गणिताचा एक निबंध लिहिला आणि त्यातलं प्रमेय डी. बुर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या नावावर घातलं. असा कुणी रशियन नव्हताच. निबंध संयुक्त प्रांतातल्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत रीतसर छापून आला.

याच कोसंबींचं स्वतःचं नाव सूचीत काय होतं ते पाहा. नियम सांगतो, आडनाव आधी आणि मग आद्याक्षरं. रोमन लिपीत ते होतात ‘कोसंबी, डी. डी.’ त्यांचे वडील, बौद्ध धर्माचे आणि पालीचे पंडित धर्मानंद दामोदर कोसंबी, तेही ‘कोसंबी, डी. डी.’च. आजोबांचं नाव नातवाला ठेवायच्या आपल्या रीतीने बाप-लेकांची आद्याक्षरं एक करून टाकली. मराठीत ध. दा. आणि दा. ध. असे दोघे सुखाने वेगळे राहतात. रोमन ‘डी’ने द आणि ध दोन्ही गिळले. मुलाच्या ज्या निबंधामुळे आनुवंशिकीत ‘कोसंबी फंक्शन’ हा शब्द रुळला, त्याचं साल कुणी १९४३ देतं, कुणी १९४४. सूचीवरून सूची उतरवत गेलं की असं होतं. सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ साली अशाच जशाच्या तशा उतरवलेल्या चुका मोजून अंदाज बांधला, की हवाला देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ निबंध वाचतात.

दक्षिणेत गेलात तर आडनाव म्हणजे काय इथूनच सुरुवात. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन: गाव, वडील, स्वतः. स्वतःचं नाव शेवटी होतं म्हणून त्यांचं निभावलं. आज ‘कार्तिक एस.’ अशी सही करणारा मुलगा सूचीत ‘एस., के.’ होऊन बसतो, म्हणजे मागे उरतं ते बापाचं एक अक्षर. आमच्या बायका लग्नाआधी एक आणि लग्नानंतर दुसरी. २०१२पासून प्रत्येक संशोधकाला ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक घेता येतो, आणि त्याने गोंधळ बराच कमी होतो, हे कबूल. नाव सांभाळता येईना म्हणून माणसाला नंबर दिला, इतकंच.

त्या संशोधिकेचा निबंध नाचणीवर होता. एकेचाळिसावा संदर्भ एका जुन्या मराठी शेती-पुस्तिकेचा. कोकणातल्या एका वाणाचं वर्णन तिला आणखी कुठेच सापडलं नव्हतं. आम्ही शीर्षक रोमन लिपीत दिलं, चौकटी कंसात इंग्रजी भाषांतर दिलं, भाषा मराठी असं नोंदवलं. नियमात बसवता येईल तेवढं बसवलं. दुसऱ्या पत्रिकेचा शेरा आला: या संदर्भाला डीओआय नाही, पडताळता येत नाही, काढावा किंवा बदलावा. डीओआय ही २०००च्या आसपासची सोय आहे. पुस्तिका तिच्या किती आधीची.

माझं मागणं फार नाही. पहिल्या वेळी कुठल्याही एका सुसंगत पद्धतीतली सूची चालावी. काही प्रकाशक हे आताच करतात. शैली बदलायचं काम यंत्राचं आहे, ते निबंध स्वीकारल्यावर प्रकाशकाने करावं. त्यासाठी तो पैसे घेतो. वाचलेल्या वेळात संपादकाने पाचच संदर्भ उघडून पाहावेत, तिथे खरंच तसं लिहिलंय का. नाव लेखक लिहितो तसं पूर्ण छापावं. कागद वाचवायची सबब पडद्यावर चालत नाही. आणि मराठी, कन्नड, असमियातला संदर्भ पडताळायचा असेल, तर ती भाषा येणारा माणूस शोधावा.

तिने एकेचाळिसावा संदर्भ काढला. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती, मीच म्हटलं काढ. वाणाचं वर्णन मात्र निबंधात राहिलं, कुणाच्याच नावाशिवाय. आता पुढचे लोक त्यासाठी तिचा हवाला देतील.