खारं पाणी आणि तापलेली गाडी

गाडी नीट चालत असताना इंजिनातलं कूलंट साधारण ९० ते १०५ अंश सेल्सिअसवर असतं. साधं पाणी १०० अंशांवर उकळतं, पण रेडिएटरचं झाकण आतला दाब सुमारे १ बारने वाढवून धरतं आणि उकळबिंदू १२० च्या आसपास जातो. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडणं धोक्याचं. दाब सुटताच पाणी क्षणात उकळून तोंडावर उसळतं. तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला की एसी बंद करून गाडी कडेला घ्यावी आणि बॉनेट उघडून किमान अर्धा-पाऊण तास थांबावं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर अॅल्युमिनियमचं हेड तडकू शकतं किंवा वाकतं.

गाडी नेमकी कधी तापते, यावरून निम्मं निदान होतं. महामार्गावर ठीक आणि बाजाराच्या गर्दीत उभी राहिली की तापते, तर संशय पंख्यावर. एसी लावून पाहावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो. फिरला नाही तर आधी फ्यूज आणि रिले तपासावेत, मोटर नंतर. उलट, अकोल्याच्या वाटेवर वेग धरल्यावरच काटा चढत असेल, तर रेडिएटर तुंबलेला, कूलंट कमी किंवा वॉटर पंप थकलेला. सकाळी सुरू केल्यापासून पाच-सात मिनिटांत तापत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात टांगावा आणि पाणी तापवावं. साधारण ८० ते ९० अंशांदरम्यान उघडला नाही, तर बदलावा. काही जण तो काढून टाकून गाडी तशीच चालवतात. हा इलाज नव्हे. इंजिन वेळेवर तापत नाही आणि इंधन जास्त जातं.

गळती थंड गाडीखाली पुठ्ठा अंथरून शोधता येते. होसपाइपांची टोकं, क्लॅम्प आणि वॉटर पंपाचं तळचं छिद्र इथे वाळलेले पांढरे-हिरवे डाग दिसतात.

मूर्तिजापूर तालुक्याचा बराच भाग पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो आणि इथल्या गाड्यांचा खरा शत्रू पाणीच आहे. मे महिन्यात कूलरच्या ताट्या पांढऱ्या होऊन कडक पडतात, हे घरोघरी दिसतं. बोअरचं तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की बारीक नळ्यांत तसाच थर बसतो. तापलेल्या पाण्यातून कॅल्शियमचे क्षार वेगळे होऊन धातूला चिकटतात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. त्यावर क्लोराइड अॅल्युमिनियमला बारीक छिद्रं पाडतं. 'शकुंतला' ही छोटी रेल्वेगाडी ओढणारी वाफेची इंजिनं १९९४ पर्यंत या भागात धावली. बॉयलरमध्ये क्षार साचतात म्हणून वाफेच्या इंजिनांचे बॉयलर ठरावीक काळाने धुवावेच लागत. मोटारीचा मालक मात्र वर्षानुवर्षं तेच पाणी वरून भरत राहतो.

म्हणून रेडिएटरमध्ये फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, बहुधा निम्मं-निम्मं. नेमकं प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत असतं. थर बसला असेल, तर थंड गाडीतलं जुनं पाणी काढून रेडिएटर फ्लश भरावा, बाटलीवर लिहिलेला वेळ इंजिन चालवावं आणि पुन्हा थंड झाल्यावर ते काढून स्वच्छ पाणी येईतो धुवावं. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरनेच हवं, नाहीतर बोअरचं पाणी आत राहतंच. मग कूलंट भरून झाकण न लावता इंजिन चालवावं, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते. जुनं कूलंट अंगणात सांडू नये. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

बाहेरूनही रेडिएटर पाहावा. कापसाच्या हंगामात जाळीत तंतू, धूळ आणि किडे यांचा गालिचाच बसतो. इंजिनच्या बाजूने पुढे अशी हलकी धार सोडावी. जोराची धार पात्या वाकवते.

हे सगळं करूनही पातळी घटत असेल आणि गळती दिसत नसेल, तर तेलाची दांडी काढून पाहावी. तेल दुधाळ झालं असेल, धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा हवा निघून गेल्यावरही रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबत नसतील, तर हेड गॅस्केट उडालेलं असण्याची शक्यता मोठी. त्यासाठी हेड उतरवून ते सपाट आहे का, हे तपासावं लागतं. गाडी पुन्हा सुरू न करता ओढूनच गॅरेजला न्यावी.