‘बेडपॅनच तर द्यायचंय!’



आमच्या तालुक्यातल्या एका खाजगी संस्थेत मी रुग्णसेविकेच्या सहा महिन्यांच्या वर्गाला शिकवते. त्याआधी २७ वर्षं वॉर्डात नर्स होते. गेल्या महिन्यात संचालकांनी बोलावून सांगितलं, “बाई, तुम्ही फार खोलात जाता. या मुलींना बेडपॅनच तर द्यायचंय. ताप, बीपी आणि गोड बोलणं, एवढं पुरे.”

बरं, बेडपॅनचंच घेऊ. शी डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची असेल तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, म्हणून त्या चालू आहेत का हे विचारायचं. पण विचारत बसून वेळ घालवायचा नाही, लगेच कळवायचं. डॉक्टर बेडपॅन बघत नाहीत. बघते ती आमची मुलगी. तिला हे शिकवायचं नाही, तर मग बघणार कोण?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड, खुबे, टाचा रोज उघडून पाहायच्या. लाल डाग बोटाने दाबून पाहायचा. दाबूनही तो फिका पडला नाही तर आत इजा सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही, तिथे हाताला ऊन किंवा टणक लागतं का ते पाहायचं. आम्हाला शिकताना स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळायला सांगितलं होतं. आता कळलंय की अशी जागा चोळली तर इजा वाढते. मी स्वतः कितीजणांची पाठ चोळली असेन! म्हणजे हे ज्ञान बदलतं, चुकतं, पुन्हा शिकावं लागतं. ‘बाईच्या अंगातच असतं’ ते असं कसं बदलेल?

अरुणा शानबाग १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ल्याला बळी पडल्या आणि २०१५ मध्ये गेल्या. मधली ४२ वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं, बेडसोअर होऊ दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेचं कौतुक केलं. आपण सगळ्यांनी त्याला माया म्हटलं. माया होतीच. पण मायेने कातडी शाबूत राहत नाही. ती राहते पाळीपाळीने, रात्रीसुद्धा, नेमाने केलेल्या कामाने.

‘सेवा’ म्हटलं की मजुरीचा प्रश्न मिटतो, आणि ज्ञान म्हटलं की तो उभा राहतो. संचालकांची खरी अडचण इथे आहे. खाजगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगारासाठी २०१६ साली नेमलेल्या समितीने, ५० खाटांहून लहान रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. आमच्या मुली त्यातही बसत नाहीत. एएनएमला दोन वर्षं लागतात. आमच्या प्रमाणपत्रावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही. फी भरताना हे त्यांना कुणी सांगत नाही. मी पहिल्याच तासाला सांगते, तोही माझा एक गुन्हा. आणि दुसऱ्याची घाण काढण्याचं काम कुठल्या घरातल्या मुलींकडे येतं, हे माझ्या वर्गाची हजेरी वाचली की कळतं. त्यासाठी जातीचा दाखला बघावा लागत नाही.

आपल्या बैठकांतही मी ऐकलंय, “आईसाठी ब्युरोची बाई ठेवलीय, काही कामाची नाही, नुसती झोपते.” बारा तासांच्या ड्यूटीत तिला जेवायला सुट्टी असते का, हे कुणी विचारलं नाही. मीही त्या दिवशी गप्प बसले.

गेल्या वर्षीची माझी एक विद्यार्थिनी एका घरी रात्रपाळीला होती. आजोबांची शी काळी दिसली. तिने मुलाला उठवलं, तर तो म्हणाला, “तू तुझं काम कर.” तिने मला फोन लावला, मी त्याच्याशी बोलले. पहाटे तीनला त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, रक्त चढवलं, आजोबा वाचले. पेशंट पहाटेपासून घरी नव्हता म्हणून ब्युरोने तिची अर्धी ड्यूटी कापली.