भिंत मातीनं नाही, अडलेल्या पाण्यानं पडते

उन्हाळा लागला की आमच्या मावळ पट्ट्यात भातखाचरांच्या बांधांची कामं निघतात. हल्ली जुना रचीव दगडी बांध काढून तिथं सिमेंटची संरक्षक भिंत घालायचं चाललंय. भिंतीला माझा विरोध नाही. पण पाण्याला वाट न ठेवता बांधलेली पक्की भिंत जुन्या बांधापेक्षा जास्त धोक्याची, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडा हिशेब करू. भिंत २ मीटर उंच, मागं मुरमाड माती. कोरडी असताना ही माती दर मीटर लांबीला साधारण सव्वा टन रेटा देते. कण एकमेकांना धरून असतात म्हणून एवढ्यावर भागतं. आता झड लागली, उपळ फुटली आणि भिंतीमागं वरपर्यंत पाणी साचलं. एकट्या पाण्याचा रेटा २ टन. बुडालेल्या मातीचा रेटा निम्म्यावर येतो, पण दोन्ही मिळून अडीच टनांच्या वर जातं. भिंत तीच, माती तीच, रेटा दुप्पट. शिवाय उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो. काळी माती तर ओली झाली की फुगते आणि पाणी लवकर सोडत नाही. ती भिंतीलगत भरूच नका.

जुन्या बांधाच्या प्रत्येक सांध्यातून पाणी झिरपून जायचं. सिमेंटनं सांधे बुजवले की ती वाट आपणच करून द्यायची. दर चार-पाच फुटांवर ३ ते ४ इंची पाइप, बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन. खालची ओळ जमिनीच्या जरा वर, वरची ओळ आड-आड. पाइपच्या तोंडाशी मागून गोटे, मग खडी, मग वाळू. हा थर नसेल तर माती वाहून येते आणि पाइप दोन पावसाळ्यांत बुजतो.

काही जण म्हणतात, मग खाचरात पाणी ठरणार कसं? ठरतं. चिखलणीनं बसलेला थर वरचं पाणी धरतो. खडीचा थर फूटभर खालीच थांबवायचा, वर चिकण माती चोपून बसवायची. जातं ते फक्त खाली मुरलेलं पाणी.

मिस्त्रीच्या अंदाजात सिमेंट आणि सळईचे आकडे असतात, निचऱ्याची ओळ नसते. ती मागून घ्या. पैसे कमी पडले तर उंची फूटभर कमी करा, निचरा कापू नका. बहुतेक ठिकाणी खालच्या अंगाला गोठा असतो, कुठं घरसुद्धा.

भिंत आधीच झाली असेल तर मृगाआधी पाइपांची तोंडं सळईनं मोकळी करा. साप-उंदीर शिरतात म्हणून बोळे कोंबू नका, जाळी लावा. भर पावसात पाइप वाहताना दिसले तर काळजी नाही. पाइप कोरडे आणि भिंत ओलसर दिसली, किंवा तिला पोट सुटलं, तर खालची जनावरं त्याच दिवशी हलवा, घर असेल तर माणसंही.