ग्वाल्हेरचे जिवाणू

ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला शिंदे सरकार आणि ख्याल गायकी आठवते. रेल्वेच्या डब्याखालची जैव शौचालयाची टाकीही तिथलीच. तिथल्या डीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने बर्फाळ ठाण्यांवरच्या जवानांसाठी मैला पचवणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण तयार केले. पुढे ते रेल्वेने घेतले.

भांड्यात पाणी तुंबले तर दोष बहुधा जिवाणूंचा नसतो, वाट अडलेली असते. बाटली, गुटख्याची पुडी, बाळाचा डायपर! पाणी उतरते पण दुर्गंधी येते, तेव्हा जिवाणूंवर संशय घ्यावा. कडक ॲसिडने ते मरतात. मग नवे सोडावे लागतात. कन्नडमध्ये 'कस' म्हणजे केर. या जिवाणूंचा कस त्या 'कसा'पुढे संपतो. २०१७ च्या कॅग अहवालातही तुंबण्याच्याच तक्रारी सर्वांत जास्त होत्या.

शिडाच्या बोटीवर हातपंपाचा संडास असतो. भर समुद्रात तो तुंबला तर कुणाला बोलावणार? बोटीवरच्यांनाच पंप खोलावा लागतो, म्हणून तिथे कागदसुद्धा जपून टाकतात. गाडीतून आपण मात्र बेळगावला उतरून घरी जातो, आणि पुढच्या यार्डात कुणाचा तरी हात त्या नळीत जातो.