आई, शू लागली!

रविवारी भांडुपहून भायखळ्याला जायचं तर आमचा प्रवास जवळजवळ फुकट होतो. माझा आणि नवऱ्याचा लोकलचा पास रविवारीही चालतोच. धाकटा साडेतीन वर्षांचा, पाचच्या आतल्यांना तिकीट नाही. थोरली सात वर्षांची, तिचं तेवढं अर्धं तिकीट. पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या, काकडी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि धाकट्याची जादा चड्डी. खरं तर हा लेख त्या चड्डीबद्दलच आहे, पण आधी राणीची बाग.

तिथे आईवडील आणि दोन मुलं मिळून 100 रुपये. 2017 पर्यंत मोठ्यांना 5 आणि लहानांना 2 रुपये होते, त्यामुळे दर वाढले तेव्हा बराच आरडाओरडा झाला. मी त्यात नव्हते. चार माणसांचा अख्खा दिवस शंभरात निघत असेल तर माझी तक्रार नाही. पेंग्विन बघायला पोरं आधी धावतात. पण काचेपलीकडचा पेंग्विन धाकट्याने दोन मिनिटं पाहिला असेल. बाहेर एका कावळ्याने कुणाच्या तरी हातातला वेफर पळवला, आणि घरी आल्यावर आजीला सांगितलं ते त्या कावळ्याचं. थोरलीचं प्रेम गोरखचिंचेवर. आम्ही तिघांनी हात धरून खोडाला वेढा घालायचा प्रयत्न केला, तो काही पुरा झाला नाही. शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. इंग्रजांनी 1864 मध्ये तो विलायतेला न्यायला उचलला आणि तो पडून फुटला. पुढे 1914 मध्ये तुकडे जोडून तो इथे उभा केला. हे ऐकून थोरली म्हणाली, ‘फेविकॉलने?’ तिचे बाबा अजून उत्तर शोधताहेत.

दुसरी आमची आवडती सहल सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे जाणाऱ्या डबलडेकरची. किमान भाडं 12 रुपये. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की पोरं ड्रायव्हर होतात. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर 2023 मध्ये गेल्या. त्यांच्या वरच्या खिडकीतून येणारा वारा या एसी गाड्यांत नाही, पण हे दुःख माझं, पोरांचं नाही. उतरून समुद्राच्या कट्ट्यावर बसायला तर पैसेच पडत नाहीत.

तेव्हा मुंबईत मुलांना घेऊन फिरणं महाग आहे, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. मग आमच्या इमारतीतली निम्मी कुटुंबं दर रविवारी मॉलमध्येच का सापडतात? ‘हल्लीच्या आयांना एसीची चटक लागलीय’ हे उत्तर मी नातेवाइकांकडून पुष्कळदा ऐकलंय. ते देणाऱ्यांपैकी कुणीही साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन दिवसभर बाहेर राहिलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. समुद्रकाठीच होतो, दुपारी दीडचा सुमार. धाकटा म्हणाला, ‘आई, शू लागली!’ या वाक्यानंतर हाताशी फार तर चार मिनिटं असतात. सार्वजनिक शौचालयाला कुलूप. शेजारचा चहावाला म्हणाला, चावीवाला जेवायला गेलाय. मुलाचं काय, झाडाआड निभावलं असतं, पण तोवर चड्डी ओली झालीच होती. तेवढ्यात थोरलीही म्हणाली, ‘मला पण’. आता तिला झाडाआड कशी नेणार? टॅक्सी केली, जवळच्या मॉलमध्ये गेलो. तिथे शौचालय स्वच्छ होतं, कडी लागत होती, बाळाचे कपडे बदलायला फळी होती. आणि आत आलोच आहोत म्हणून पोरांनी गेमचं कार्ड मागितलं, मग पिझ्झा. 1,460 रुपये गेले. शंभर रुपयांच्या सहलीची ती सगळ्यात महागडी शू.

मुंबईतल्या बायकांच्या संघटनांनी 2011 पासून ‘राइट टू पी’ची चळवळ चालवली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना मात्र पैसे, हा साधा अन्याय त्यांनी वेशीवर टांगला. त्यात मला आणखी एक भर घालायचीय, बापांची. माझा नवरा दोन्ही पोरांना एकटा फिरवायला एका पायावर तयार असतो. पण मुलीला घेऊन त्याने जायचं कुठे? बायकांच्या बाजूला त्याला प्रवेश नाही, पुरुषांच्या बाजूला तिला नेणं त्याला नको वाटतं. बाहेर उभं राहून एखाद्या अनोळखी ताईला ‘जरा हिला आत नेता का?’ असं विचारताना मी त्याला पाहिलंय. ती ताई तयार झाली, पण हा तिथे मान खाली घालून उभा होता. त्यामुळे पोरांबरोबर मला जावंच लागतं. रविवारची सुटी त्याला असते, मला नसते.

पालिकेने नवे समुद्रकट्टे बांधावेत, बागाही सजवाव्यात, मी जाईन. पण प्रत्येक बागेत आणि कट्ट्यावर पोरांसाठी एक खोली द्या, आई आणि बाप दोघांनाही जाता येईल अशी. आतून लागणारी कडी, मुलाच्या उंचीचं बेसिन, कपडे बदलायला एक फळी. आणि दुपारी चावीवाला जेवायला गेला तर चावी दुसऱ्या कुणाकडे तरी असू द्या. त्यासाठी तिकीट पाच रुपयांनी वाढवलंत तरी चालेल.

तोवर तुम्ही जाणार असाल तर जादा चड्ड्या दोन घ्या. रविवारी अकराच्या आत भायखळ्याला उतरा, नंतर मेगाब्लॉक असतो. आणि बुधवारी जाऊ नका, राणीची बाग बंद असते.