ब्रेक ऑईलला किलोमीटर कळत नाहीत

दर शनिवारी रात्री (म्हणजे भारतात रविवारी सकाळी) माझा चिपळूणला फोन असतो. आधी आई, मग बाबा. बाबांबरोबर हवापाणी झालं की विषय बहुतेक गाडीचाच. मागच्या महिन्यात म्हणाले, "अरे, गॅरेजवाला सांगतो ब्रेक ऑईल बदला. आता आमची गाडी चालते किती? वर्षाला तीन हजार किलोमीटर! महिन्यातून एकदा कराडला ताईकडे, बाकी बाजार नि दवाखाना. लेव्हलसुद्धा बरोबर आहे. उगाच बिल वाढवायचे धंदे!"

एरवी गॅरेजवाल्यांच्या बाबतीत मी बाबांच्या पक्षाचा. इथे कोलोरॅडोतही दहा मिनिटांत इंजिन ऑईल बदलून देणारी दुकानं असतात, ती दर वेळी काही ना काही गळ्यात मारायला बघतात. पण या एका बाबतीत गॅरेजवाला बरोबर होता आणि बाबा चूक. आणि हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये, बाबा स्वतः त्या वेळी माझ्या शेजारच्या सीटवर होते!

२०१४ चा जुलै. आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले होते. आलेल्या पाहुण्यांना पाईक्स पीकला न्यायचं ही इथली रीतच आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळचा १४,११५ फुटांचा डोंगर, आणि चक्क माथ्यापर्यंत गाडीरस्ता. साधारण तीस किलोमीटर, वळणावळणाचा. वर मिळणारे डोनट प्रसिद्ध आहेत. आईने एक खाऊन "साखरेत घोळवलेला मेदूवडा" असा निकाल दिला. असो.

खरी गंमत उतरताना असते. वाटेत ग्लेन कोव्ह नावाची जागा आहे. तिथे खाली येणारी प्रत्येक गाडी थांबवतात आणि रेंजर चाकावर एक पिस्तुलासारखं यंत्र रोखतो. ते लांबूनच ब्रेकचं तापमान मोजतं. ३०० फॅरनहाईटच्या, म्हणजे दीडशे सेल्सियसच्या आसपास, वर आकडा गेला की गाडी बाजूला लावायची. आमचा आकडा बराच वर गेला होता. मी नवशिक्यासारखा गिअर वरचाच ठेवून ब्रेकवर पाय देत आलो होतो. मुकाट्याने गाडी लावली. वीसेक मिनिटांनी निघावं म्हणून सुरू केली, ब्रेक दाबला, आणि पेडल सरळ खाली गेलं. तळाला नाही टेकलं, पण लोण्यात बोट जावं तसं गेलं. दोन-तीनदा पटापट मारलं तेव्हा कुठे थोडं वर आलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. आई मागे फोटो बघत होती.

आम्ही आणखी तासभर थांबलो. मग पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक! सर्वांत खालच्या गिअरमध्ये, गोगलगायीच्या चालीने उतरलो.

काय झालं होतं ते सांगतो. त्यासाठी थोडं शाळेतलं फिजिक्स लागेल. दीड हजार किलोची गाडी ८०० मीटर खाली आली आणि वेग वाढू दिला नाही, तर ती सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. हिशोब केला तर एक कोटी सतरा लाख ज्यूलच्या आसपास येतो. एवढ्या उष्णतेत पस्तीस लिटर पाण्याला उकळी आणता येते. गिअर खालचा असेल तर बराचसा भार इंजिन घेतं आणि थोडा वाटा हवेचा. नाहीतर सगळं त्या चार चाकांच्या ब्रेकवर. डिस्क तापते, पॅड तापतात, आणि पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनच्या मागे जे चमचा-दोन चमचे ऑईल असतं तेही तापतं. गाडी उभी केली की वारा लागत नाही, पण डिस्कची धग आत झिरपतच राहते. म्हणून माझं पेडल चालताना नाही, थांबल्यावर गेलं.

आता या ऑईलबद्दल. आपण ऑईल म्हणतो, पण ते तेल नव्हेच. बहुतेक गाड्यांत ते ग्लायकॉल जातीचं रसायन असतं आणि त्याला पाण्याची भारी ओढ. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. झाकण कितीही घट्ट लावा, मीठ ओलं व्हायचं ते होतंच. ब्रेक ऑईलचं तेच. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांमधून, सीलमधून हवेतली वाफ हळूहळू आत शिरते आणि ऑईलमध्ये विरघळते. दिसत नाही, वाजत नाही, गळत नाही.

अमेरिकन सरकारच्या मानकात म्हणूनच प्रत्येक ऑईलला उकळण्याचे दोन आकडे दिलेले असतात, एक कोरं असतानाचा आणि एक ओलं असतानाचा. डॉट ३ प्रकारचं कोरं ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये. त्यातच साधारण पावणेचार टक्के पाणी गेलं की ही हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणजे शंभर चमच्यांत चार चमचेसुद्धा पाणी नाही, आणि पासष्ट-पंचाहत्तर अंशांची ऐपत गेली! द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. ऑईल उकळून वाफेचे बुडबुडे झाले की तुमच्या पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही, बुडबुडे चेपण्यातच संपतो.

आणि यातली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं. पेडल ठणठणीत. गाडी मेकॅनिककडे न्या, तो चार वेळा ब्रेक मारून म्हणेल, काही नाही साहेब, एकदम ओके. माझी गाडी मी जुनी घेतली होती, आधीच्या मालकाने ऑईल कधी बदललं होतं देव जाणे. मी तीन वर्षांत बदललं नव्हतं हे मात्र नक्की, आणि लेव्हल बरोबर होती!

लेव्हलचंही ऐकून घ्या. पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्यामागची जागा भरायला टाकीतलं ऑईल खाली उतरतं. म्हणून लेव्हल कमी दिसली की पहिला संशय पॅडचा किंवा गळतीचा घ्यायचा. आपल्याकडे काय करतात? वरून थोडं ओततात आणि झाकण लावतात. ऑईल जुनंच राहिलं, आणि पॅड संपत आल्याची एक खूणही पुसून टाकली. रंगावरूनही पाणी कळत नाही. काळं पडलेलं बदलावं हे खरं, पण पिवळंधमक दिसतं म्हणून कोरडं असेल असं नाही.

म्हणूनच हा हिशोब किलोमीटरचा नाही, कॅलेंडरचा आहे. शेडमध्ये उभी गाडीसुद्धा पाणी पीतच असते. जर्मन गाड्यांच्या पुस्तिकेत सहसा दोन वर्षं लिहिलेलं असतं, इथे होंडा तीन म्हणते. तुमच्या पुस्तिकेत काय आहे ते बघा. चिपळूणसारख्या दमट हवेत मी तरी दोनच्या पुढे जाणार नाही. इंजिन ऑईल बदललं नाही तर फार तर इंजिन जाईल. तरी आपण ते वेळेवर बदलतो, आणि हे विसरतो. मला हे उलटं वाटतं.

सरकार बघेल म्हणाल तर तेही नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते आणि मे २०१८ पासून खराब झालेलं ब्रेक ऑईल हाही त्यात एक मुद्दा आहे. आमच्या कोलोरॅडोत खाजगी गाडीचा फक्त धूर तपासतात. टेक्सासने तर खाजगी गाड्यांची सुरक्षा तपासणी २०२५ च्या जानेवारीपासून बंदच केली. आपल्याकडे नव्या खाजगी गाडीला पहिली पंधरा वर्षं पीयूसी, म्हणजे धूरच. ब्रेककडे बघणारे आपण आणि आपला गॅरेजवाला, तिसरं कोणी नाही.

हेही कबूल करतो की सपाट गावात, सिग्नल-सिग्नल चालणाऱ्या गाडीत जुनं ऑईल कदाचित कधीच उकळणार नाही. (आतून गंज मात्र लागतो, आणि एबीएसचं युनिट बदलायला लागलं की बिल बघून माणूस उकळतो.) घाटात खालचा गिअर हा पहिला उपाय, ऑईल नंतर. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना तर कुठलंच ऑईल वाचवणार नाही. पण कराडहून परतताना कुंभार्ली घाट आहे. चार माणसं, डिकीत ताईने दिलेले गूळ-शेंगदाणे, पुढे रांगणारा ट्रक. पाय ब्रेकवर जातोच.

पाईक्स पीकनंतर मी घरीच ऑईल बदलतो. बायको पेडलवर, मी चाकाशी आडवा. "दाब.. धर.. सोड" असं चार चाकांना. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत. दर वेळी सीलबंद नवा डबा आणायचा. मागल्या वर्षी फोडलेला अर्धा डबा फडताळात पडून पाणी प्यायलेला असतो. हे ऑईल रंगावर सांडलं तर रंग उडतो. पहिल्या खेपेला डाव्या मडगार्डवर मी त्याचा पुरावा करून ठेवला आहे. पण तुम्ही गॅरेजमध्येच करा. उभं राहून बघा मात्र, की चारही चाकांतून जुनं काढतात की नुसती टाकी उपसून वर नवं भरतात.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "बाबा, ग्लेन कोव्ह आठवतंय का तुम्हाला?" पलीकडे थोडा वेळ शांतता. चार दिवसांनी फोटो आला. प्लॅस्टिकच्या बाटलीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, आणि बॉनेटच्या आत मार्करने बाबांच्या अक्षरात तारीख.

आता ताईची गाडी राहिली. ती २०१६ ची आहे. कालच विचारलं तर म्हणाली, "अरे, लेव्हल बरोबर आहे की!"